माहेरचं नाव

ह्यांनी म्हटलेल्या गवळणी त्यांच्या फोनच्या खात्यात होत्या आणि पासवर्ड ह्यांच्यासोबतच वर गेला. महिनाभर त्या आवाजासाठी मी तळमळत होते. शेवटी लेकानं ‘पासवर्ड विसरलात?’ दाबलं. ह्यांनीच लिहून ठेवलेला प्रश्न आला: पत्नीचं माहेरचं नाव? त्यानं राजलक्ष्मी टाकलं. चुकलं. “आई, दुसरं काय नाव हाय तुझं?” “पोटच्या पोराला आईचं नाव ठाऊक न्हाय व्हय रं?” मी कडाडले. “चांगुणा लिही!” खातं उघडलं. इंदापूरहून कन्हेरीत नांदायला आले त्या दिवशी ह्यांनीच ताटातल्या तांदळात अंगठीनं राजलक्ष्मी लिहून चांगुणा पुसली होती. तेव्हापासून जुन्या नावानं मला एकदाही हाक मारली नाही. वाटलं, विसरले. विसरले नव्हते! फोनपाशी बोलले, माझ्यापाशी नाही. “लावू का आबांची गवळण?” लेकानं विचारलं. “नको,” मी फोन पालथा घातला. “जन्मभर त्यांचंच ऐकलं.”