ग्लेनिसचा सोपा मार्ग

“सोबत कोण आहे?” तुर्कस्तानातल्या इझमिरच्या विमानतळावर काउंटरवरच्या बाईने तिसऱ्यांदा विचारलं.

“कोणी नाही. मी एकटीच,” ग्लेनिस म्हणाली. “आणि डॉक्टरांचं पत्र तुमच्या हातातच आहे. ऑपरेशननंतर प्रवासाला हरकत नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलंय.”

बाईने पत्र उलटंसुलटं करून पाहिलं, मग ग्लेनिसला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. ग्लेनिसच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकशे अठ्ठावीस किलोच्या बाईकडे असं बघायला लोकांना कुणाची परवानगी लागत नाही. शेवटी शिक्का बसला आणि ती पोटावर हात धरून परतीच्या विमानाकडे निघाली.

सोबत यायला हवी होती ती मेरियन, तिची सख्खी धाकटी बहीण. ब्रिटनमधल्या रेक्सममध्ये दोघींची घरं एकाच गल्लीत. पण मेरियनने साफ सांगितलं होतं, “सोपा मार्ग तू धरणार आणि रजा मी घालवू? मी पळून पळून वजन उतरवलं. तू खुशाल पोट कापून घे.” एवढं बोलून ती कुत्र्याला फिरवायला निघून गेली होती.

इझमिरच्या क्लिनिकमध्ये ऑपरेशनच्या दिवशी सात बायका होत्या. सगळ्यांचं एकच ऑपरेशन. पोटाला पाच छिद्रं पाडायची, जठराचा पाऊण भाग कापून काढायचा आणि उरलेल्याला पिना मारून टाकायच्या. ग्लेनिसचा नंबर शेवटचा, संध्याकाळी लागला. बाकीच्या सहाजणी दोन दिवस ओकत होत्या, कण्हत होत्या. ग्लेनिस दुसऱ्या सकाळी व्हरांड्यात चालायलासुद्धा लागली.

“ताई, तुमच्यासारखी पेशंट आम्ही पाहिली नाही,” पेशंटची देखभाल करणारी नेवीन म्हणाली होती. मग तिने बोट उगारलं. “फक्त खाण्याचा तक्ता सोडायचा नाही. एक घास जास्त झाला तर आतली शिवण उसवेल. मग आम्हाला विचारू नका.”

विमानात शेजारी एक निवृत्त गृहस्थ होते, डेस्मंड नावाचे. त्यांनी बेकन घातलेला गरम पाव मागवला आणि चवीने खायला सुरुवात केली.

“तुम्ही काही घेत नाही?”

“पाणी. घोट घोट.”

“अच्छा, म्हणजे तुम्हीही त्यातल्याच. माझ्या भाचीनेही करून घेतलं. बरं आहे बुवा तुमचं. आमच्या वेळी माणसं आपल्या तोंडाला आपणच कुलूप लावायची. आता डॉक्टर लावून देतात.”

“तुमच्या तोंडाला मात्र अजून कोणी लावलेलं दिसत नाही,” ग्लेनिस म्हणाली.

त्यानंतर डेस्मंड मँचेस्टर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले.

पण त्या पावाच्या वासाने ग्लेनिसच्या पोटात कावळे ओरडत होते. भूक लागायची जागाच कापून टाकतात, जेवणाची आठवणही होत नाही, असं त्या सहाजणी सांगत होत्या. हिला मात्र सडकून भूक लागली होती. निघण्याआधी नेवीनला विचारलं, तेव्हा ती म्हणाली होती की ही पोटातली भूक नाही, डोक्यातली आहे. ग्लेनिसला स्वतःचाच राग आला. पोट कापलं तरी हावरटपणा जात नाही म्हणजे काय. तिने पाण्याचे दोन घोट घेतले आणि डोळे मिटले.

मँचेस्टरला तिने बॅग पट्ट्यावरून कशीबशी ओढून काढली. ऑपरेशननंतर जड काही उचलायचं नव्हतं, पण मदतीला कोण होतं? फोनवर मेरियनचा मेसेज आला होता. “पोचलीस का? सहा महिन्यांत सगळं परत येतं बघ.”

“दाखवतेच हिला,” ग्लेनिस पुटपुटली आणि रेल्वे स्टेशनकडे चालू लागली.

आणि तिने दाखवलं. शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी. रोज दोनशे पोरांना चिप्स आणि कस्टर्ड वाढायचं आणि स्वतः कोपऱ्यात बसून चार चमचे सूप प्यायचं. पाचव्या चमच्याला शिवण उसवेल या धाकाने हात मागे घ्यायचा. कित्येक संध्याकाळी तिला भुकेने रडू फुटलं. ही डोक्यातली आहे, ही डोक्यातली आहे, असं म्हणत ती बूट घालून बाहेर पडायची, आधी चालायला, मग पळायला. दहा महिन्यांत चाळीस किलो उतरले.

लोक कौतुक करायचे आणि त्याच दमात त्याचं मातेरं करायचे. “तुझं काय बाई, ऑपरेशनने झालं,” शाळेतल्या बायका म्हणायच्या. नाताळच्या जेवणाला मेरियन सगळ्यांदेखत बोलली, “श्रेय त्या डॉक्टरला द्या. हिने काय केलं? टेबलावर झोपून राहिली.” ग्लेनिसला तिथल्या तिथे ताट आपटावंसं वाटलं. पण बोलणार काय? ऑपरेशन तर झालंच होतं. तिने मटाराचे तीन दाणे खाल्ले आणि ताट बाजूला सारलं.

मार्चमध्ये तिच्या बरगडीखाली जीवघेणी कळ आली. मेरियनच तिला गाडीत घालून इस्पितळात घेऊन गेली, पण टोमणे वाटभर चालूच होते. “परदेशात जाऊन कापून घ्यायचं आणि निस्तरायचं इथल्यांनी.”

स्कॅन झालं. सर्जनबाई दोघींसमोर येऊन बसल्या. पित्ताशयात खडे आहेत, वजन भराभर उतरलं की होतात, काढून टाकू, असं त्यांनी समजावलं. मग त्या जरा घुटमळल्या.

“आधीचं ऑपरेशन कसलं म्हणालात?”

“जठराचं. त्याच्याशिवाय हिचं वजन उतरलं असतं का?” ग्लेनिसच्या आधी मेरियनच बोलली.

सर्जनबाईंनी पडद्यावरचं चित्र पुन्हा निरखलं, एका सहकाऱ्याला बोलावून दाखवलं आणि खुर्ची ग्लेनिसकडे वळवली.

“तुमच्या पोटावर पाच व्रण आहेत, पण आत एकही पिन नाही. जठर अख्खंच्या अख्खं आहे, ग्लेनिस. त्याला कधी कोणी हातच लावलेला नाही.”