पेनाचं टोपण

"काकू झोपल्यात का?" दारातूनच मुलीने हळू आवाजात विचारलं.

"गेली," तो म्हणाला. "शुक्रवारी दुपारी."

मुलगी उंबऱ्यातच थबकली. तिला कुणी कळवलं नव्हतं. कळवणार तरी कोण? सगळं आटोपल्यापासून चार दिवस त्याने दाराची कडी काढली नव्हती. शेजारीण डबा ठेवून हाका मारून गेली. मेहुणा दोनदा येऊन परत गेला. आज मात्र दहाच्या ठोक्याला कडी वाजली आणि त्याने ती काढली. मंगळवार होता. हिचे कागद हिला परत द्यायचे होते, एवढंच.

मुलगी डॉक्टरकीच्या दुसऱ्या वर्षाला होती. मोठ्या रुग्णालयाने उन्हाळ्याच्या सुट्टीत काही विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देऊन संशोधनाला लावलं होतं, त्यातली ही एक. दहा आठवडे, दर मंगळवारी घरी येऊन प्रश्न विचारायचे. आजचा सहावा. तो तिला अर्धी डॉक्टर म्हणायचा, तेही तोंडावर.

त्याचा स्वतःचा धंदा वजनकाटे दुरुस्त करण्याचा. सोनारापासून भंगारवाल्यापर्यंत सगळ्यांचे काटे चाळीस वर्षं त्याने शून्यावर आणून दिले होते. माणसाला प्रश्न विचारून त्याचं दुखणं मोजायचं, हे त्याच्या बुद्धीला पटत नव्हतं. त्यातून हिची रीत उफराटी. बायको खाटेवरून अर्धा अर्धा तास बोलायची आणि हिच्या पेनाचं टोपण लावलेलंच. मग उठता उठता त्याला विचारायची, "काका, झोप लागते का? जेवण जातंय का? या आठवड्यात बाहेरच्या कुणाशी बोललात का?"

"ठीक आहे सगळं. मला काय धाड भरलीय?" तो म्हणायचा.

की लगेच टोपण निघायचं आणि ही भराभरा लिहायला लागायची.

"रोग रेड्याला आणि औषध पखालीला," तो नंतर बायकोला म्हणायचा. "नापास होणार तुझी अर्धी डॉक्टर."

"म्हणजे मी रेडा? बरे आहात की!" बायको हसायची. हसली की तिला खोकल्याची उबळ यायची, आणि तो पाण्याचा पेला घेऊन धावायचा.

आता खाटेवर गादी गुंडाळून ठेवलेली होती. मुलगी सवयीने शेजारच्या स्टुलावर बसली आणि तिला एकदम रडू आलं. त्याने कपाटाच्या खणातले कागद काढून तिच्या मांडीवर ठेवले.

"घे. जिचं दुखणं होतं ती गेली. तुझा अभ्यास संपला. आता यायचं कारण नाही."

मुलीने डोळे पुसले. कागद उलटून शेवटचं पान त्याच्यापुढे धरलं.

"काका, ही सही तुमची ना?"

"माझीच. नातेवाईक म्हणून केली होती."

"नाही काका. अभ्यास काकूंचा नव्हताच. आजारी माणसाची घरी सेवा करणाऱ्याचा होता. आजारपणात तो कसा राहतो, आणि नंतर कसा राहतो." तिचा आवाज चाचरला. "वॉर्डात मी सगळं वाचून दाखवलं होतं. तुम्ही हो हो म्हणालात."

त्याला तो दिवस आठवला. नर्सला शीर सापडत नव्हती. तिसऱ्यांदा सुई टोचली होती आणि तो बायकोच्या हाताकडे बघत होता. बाजूला कुणीतरी काहीतरी वाचत होतं. मग बायकोने दुसऱ्या हाताचं बोट कागदावर ठेवलं. "अहो, इथे सही करा." त्याने केली. काट्याच्या साध्या दाखल्यावरही चष्मा लावून दोनदा वाचल्याशिवाय सही न करणारा माणूस!

"मी पुन्हा विचारायला हवं होतं," मुलगी म्हणाली. "माझंच चुकलं. तुम्ही नको म्हणालात तर आजच तुमचं नाव काढते. मग येणार नाही."

"मग तिला अर्धा अर्धा तास काय विचारायचीस?"

"काहीच नाही. नुसत्या गप्पा. काकूच बसवून घ्यायच्या. त्या म्हणाल्या होत्या, मी गेले की आमचे हे कुणाला दार उघडायचे नाहीत. तुझ्या निमित्ताने मंगळवारी तरी उघडतील."

त्याने दाराकडे पाहिलं. कडी सुटी लोंबत होती.

मग त्याने विचारलं, "मागच्या पाच वेळी माझ्या नावापुढे काय लिहिलंयस?"

मुलीने पान दाखवलं. ठीक. ठीक. ठीक. वरपासून खालपर्यंत तेच.

"ते सगळं खोटं आहे," तो म्हणाला. "रिकामं पारडंच खोटं असलं तर पुढचं एकही वजन खरं निघत नाही. तसं लिहून ठेव त्यावर."

"म्हणजे नाव ठेवू, की काढू?"

"टोपण काढ."

मुलीने टोपण काढलं. नवीन कागद घेतला, वर तारीख घातली आणि नेहमीच्याच आवाजात विचारायचा प्रयत्न केला, "काका, झोप लागते का?"

त्याने तोंड उघडलं. "ठीक" एवढाच शब्द ओठांवर आला, तो त्याने गिळला. गुंडाळलेल्या गादीकडे बघत तो बसून राहिला. मुलीने घाई केली नाही.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर अजून लिहायचं राहिलं आहे.