मार्चमधली प्रत

स्वयंपाकघरात डाळीच्या जुन्या डब्यातली वाळू खसफसली. डेवाल्डने मान वळवली. दक्षिण आफ्रिकेतल्या नामाक्वालँडच्या किनाऱ्यावर आता खाण होणार होती. तिथली शेवटची बिनपायांची सापसुरळी न्यायला जीवनोंदणी खात्याने त्याला धाडलं होतं.

"तान्नी, द्या तो डबा," तो म्हणाला. तिकडची तरुण पोरं मोठ्या बायकांना तान्नीच म्हणतात. "तिची पेशीन् पेशी नोंदवलीय. एकदा प्रत घेतली की मूळ सांभाळायचं नाही, असा कायदाच आहे. हवी तेव्हा पुन्हा बनवू की!"

शर्वाणीने डबा उचलून कडेवर घेतला.

"प्रत मार्चमधली आहे, बाळा. आता ती पोटुशी आहे. ही अंडी घालत नाही, पिल्लंच देते. पोटात दोन आहेत. त्यांची प्रत आहे तुमच्याकडे?"

"हट्ट नका करू. आत टाकतील तुम्हाला."

"टाकू देत! अकरा महिने झुडपांखालची वाळू दंताळ्याने उकरली, तेव्हा सापडली ही. हात तर लावून बघ!"

डेवाल्डने हात मागे घेतला. "उद्या पोलीस घेऊन येतो," दारातून तो पुटपुटला.

"दोन-चार आण. चहा जास्तच टाकीन."

तो गेल्यावर टेबलाखालून पाच वर्षांची कृत्तिका बाहेर आली. तिने आईचा पदर धरला.

"आई, शाळेत माझीपण प्रत घेतलीय ना? मग आता मला सांभाळायचं नाही का?"