महिपतचा कान

"मशीन एकच हाय. कुठं लावू, तेवढं सांगा," जेसीबी चालवणारा सयाजी म्हणाला.

दरड कोसळून एक रात्र आणि अर्धी सकाळ उलटली होती. दासगावच्या वरच्या अंगाची ती वाडी लाल चिखलाखाली गेली होती. खाली महाडात घराघरांत पाणी शिरलेलं, त्यामुळे संध्याकाळपर्यंत दुसरं मशीन मिळणार नव्हतं. फावड्या-घमेल्यांनी माती निघत होती, पण दगड जागचे हलत नव्हते.

ओढ्याच्या अलीकडे रंगूबाईचं घर गाडलं गेलं होतं, पलीकडे महिपतचं. महिपतची बायको काशीबाई आतच होती. तो स्वतः तेवढा वाचला, कारण काल सकाळीच मुंबईला गेला होता. परतताना वीरला उतरला, पावसानं रात्रभर स्टेशनावर अडकला आणि सकाळी चालत आला तो हे बघायला.

"महिपतभाऊ, तुमीच ऐका," वाडीतला वडीलधारा भागोजी म्हणाला. "तुमचा कान तयार. कुठं किती जन जिते हायत ते तुमालाच कळंल."

इतकी वर्षं या कानाला कुणी विचारलं नव्हतं. आज विचारलं ते असं.

महिपत पूर्वी मुंबईत गिरणीत होता. कामगारांच्या नाटकात त्याचा आवाज ऐकून कुणीतरी त्याला टीव्हीवर नेलं. मुलांच्या बाहुल्यांच्या एका कार्यक्रमात आठ वर्षं सात प्राण्यांचे आवाज त्यानं एकट्यानं काढले. म्हातारं माकड तोच, तोतरा ससा तोच, खोकणारी हत्तीणही तोच. पडद्यावर बाहुल्यांची नावं यायची, त्याचं कधी आलं नाही. कार्यक्रम बंद पडला तसा तो वाडीत परतला. तो ससा मीच, असं सांगितलं की लोक "असंल, असंल" म्हणायचे आणि विडी पेटवायचे. पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय!

काल तो त्या कार्यक्रमाच्या जुन्या टेपा मागायला टीव्हीच्या कचेरीत गेला होता. टेपा कधीच पुसल्या, त्यांवर दुसरं काही भरलं, असं कारकुनानं मान वर न करता सांगितलं. आठ वर्षांतलं एक खोकणंसुद्धा उरलं नव्हतं. परतीच्या गाडीत महिपतला जगण्यात राम वाटत नव्हता.

त्याचं खरं मानणारी वाडीत एकच होती. रंगूबाईची नात, दहा वर्षांची निशा. ती पडवीत येऊन बसायची आणि सगळे प्राणी ऐकून, त्यांच्या नकला करून झाल्याशिवाय उठायची नाही.

"त्या बंद खोलीत तुमी एकलेच, आबा? भ्या नाय वाटायचं?"

"नाय गो. एकाचं बोलून झालं की दुसऱ्याला बोलू द्यायचं. मग खोली भरल्यासारखी वाटते."

आता त्याच निशाच्या घरावर तो ओणवा झाला. एका फटीतून त्यानं पाण्याचा पाइप आत सारला आणि तोंड लावून हाक मारली.

"निशा! ए निशा!"

"मी हाय, आबा."

"आनखी कोन हाय?"

जरा वेळ काहीच नाही. मग निशाची आई बोलली, "मी हाय भाऊजी. आदी पोरांना काढा." मग धाकटा गणू, नाकात, "पानी द्या." मग रंगूबाईचा तो ओळखीचा खोकला आणि, "सोडव रे बाबा."

चौघं. चारही आवाज निरनिराळे, स्वच्छ. इतक्या संकटातही कुणी कुणाच्या मध्ये बोलत नव्हतं. गुणी माणसं, असं महिपतच्या मनात येऊन गेलं.

मग तो ओढा ओलांडून आपल्या घरावर गेला. कान टेकला. आतून भांड्यावर तीन ठोके आले. थांबून पुन्हा तीन. तो आवाजांच्या नादात असला की काशीबाई हाक मारत नसे, ताटावर तीन ठोके द्यायची. जेवायला या. त्यानं दगड घेऊन तीन ठोके परत दिले.

"बोला भाऊ," सयाजी म्हणाला.

महिपतला खोटं बोलावंसं वाटलं. तिकडे कुणी नाही म्हटलं की झालं, कोण पडताळणार होतं? पण त्याची जीभ वळेना.

"तिथं चार हायत. हितं एक. आदी तिकडं लाव."

"नक्की ना? परत विचारायचा नाय."

"आवाजात माझी चूक व्हायची नाय."

मशीन रंगूबाईच्या घराला लागलं. महिपत पाइपपाशी बसून त्या चौघांना बोलतं ठेवी, आणि मधेच ओढा ओलांडून दगड वाजवून येई. आतून तीन ठोके यायचे. दुपारी दोनच ठोके आले. मग एकच. त्यानंतर त्यानं वाजवलं, खूप वाजवलं, पण आतून काही आलं नाही.

तो परत येऊन पाइपपाशी बसला आणि लहान मुलासारखा रडला. चार जीव वाचतायत, तो स्वतःला बजावत होता. काशीनंही हेच सांगितलं असतं.

चारच्या सुमारास तुळई उचलली गेली. खालच्या पोकळीतून सयाजीनं निशाला बाहेर काढलं आणि बॅटरी घेऊन पुन्हा आत वाकला. वर आला तो टोपी काढूनच.

"तिघंबी कालच गेलेत. अंगं ताठ झालीत."

"काल कशी जातील?" महिपत ओरडला. "आत्ता बोलत हुती हिची आय!"

निशानं त्याच्या गळ्याला मिठी मारली.

"एकलं वाटू नये म्हून केलं, आबा," ती म्हणाली. "तुमी सांगितलं तसंच. एकाचं बोलून झालं, की मगच दुसऱ्याचं."