दाराजवळच्या दोन खुर्च्या

"अगं ए! तिथं नको टेकूस!"

रिम्मा अर्धवट वाकलेली तशीच थांबली. दाराजवळच्या दोन लाकडी खुर्च्यांपैकी डावीकडची ती. बाहेर गाडी उभी होती. तैसिया मकारोव्ना आज कायमच्या भाचीकडे र्‍याझानला निघाल्या होत्या. डोळे गेले, जिना चढवेना. भावाच्या स्मारक-घराच्या किल्ल्या त्यांनी सकाळीच, आता ते सांभाळणाऱ्या रिम्माच्या हातात दिल्या होत्या, आणि तेव्हापासून त्या विनाकारण सगळ्यांवर खेकसत होत्या.

"अहो, निघायच्या आधी घटकाभर बसायला नको का? आपल्यात न बसता कुणी घर सोडतं का? वाट सुखाची होत नाही."

"मी सोडणार. तुला बसायचं तर ट्रंकेवर बस."

त्या भावाची, लुक्यान मकारिचची पुस्तकं रशियाभर शाळेत शिकवतात, पण हे घर जपलं ते या बहिणीनं. अडतीस वर्षं. त्याची हस्तलिखितं, शाईची अर्धी बाटली, टाचेला झिजलेले बूट. येणाऱ्यानं बुटांवर लोकरी नमद्याच्या सपाता चढवायच्या आणि तोंड बंद ठेवायचं. एकदा जिल्ह्याचा बडा साहेब त्या डावीकडच्या खुर्चीवर टेकला, तर बाईंनी त्याला झाडू दाखवून उठवलं! गाव हसलं, पण म्हणालं, बहीण असावी तर अशी.

"बरं, एवढं तरी सांगून जा," रिम्मा म्हणाली. "यातली लेखकाची खुर्ची कुठली? मला पाटी लावायचीय."

"उजवीकडची."

"मग या डावीकडचीला एवढं सोवळं कशाला?"

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. तैसिया मकारोव्नांनी डोक्याचा रुमाल उगीचच सोडला आणि पुन्हा बांधला.

"ती माझी," त्या म्हणाल्या.

 मग म्हातारी स्वतःच सांगू लागली.

"ऑगस्ट होता. आई अंथरुणाला खिळलेली, आणि हा मॉस्कोला निघालेला, मोठा लेखक व्हायला. मी स्वयंपाकघरात फणफणत होते. यानं बॅग भरली, दोन खुर्च्या दाराशी आणून मांडल्या, एकीवर बसला. 'तास्या, ये की. बस एक मिनिट.' मी आतूनच ओरडले, 'तूच बस! मोठ्या माणसांना वेळ असतो. इथं माझा मुरांबा करपतोय!' तरी हा बसूनच. ओका नदीवरची बोट एकदा वाजली. दुसऱ्यांदा वाजली. मग दार लागल्याचा आवाज आला. त्याच हिवाळ्यात तिकडे न्यूमोनियानं गेला; नाव झालं ते नंतर."

"अहो, मुरांबा चुलीवर असताना कुणीही असंच बोललं असतं," रिम्मा हळूच म्हणाली. "त्यात तुमचा काय दोष?"

"कसला मुरांबा?" तैसिया मकारोव्ना म्हणाल्या. "चूलसुद्धा पेटवली नव्हती मी."

हॉर्न पुन्हा वाजला. रिम्मा खिडकीशी गेली, ड्रायव्हरला हातानं थांब म्हणाली, आणि परत येऊन मुकाट्यानं ट्रंकेवर बसली.

"बसा ना," ती म्हणाली. "मी आहे."

 तैसिया मकारोव्नांनी रुमालाच्या टोकानं डावीकडच्या खुर्चीवरची धूळ पुसली. खरं तर धूळ नव्हतीच, रोज तर पुसत होत्या. मग खुर्चीच्या पाठीला धरून त्या खाली टेकल्या. खुर्ची करकरली.

"पाटी लावू नकोस," त्या म्हणाल्या. "निघणाऱ्यांना बसायला लागतात खुर्च्या."

रिम्मानं मान हलवली. रीतीप्रमाणे दोघी गप्प बसल्या. एक मिनिट. कदाचित थोडं जास्तच.

मग म्हातारीनं उजवीकडच्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

"बसले रे बाबा," ती म्हणाली. "आता नीघ."