दत्ताचा अंदाज

जर्मनीतल्या हॅनोव्हरमध्ये एमएमएच्या, म्हणजे ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणाऱ्या लढती असल्या की दत्ता वोल्फ्सबुर्गच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर विजेत्यांची यादी आधीच टाकायचा. त्याने ज्याचं नाव घेतलं, तो हमखास हरायचा. "दत्ताभाऊ, आमच्या माणसाचं नाव तेवढं घेऊ नका हं!" असं म्हणून सगळे त्याला चिडवायचे. त्याची लेक केया मात्र त्या ग्रुपकडे ढुंकूनही बघत नसे.

या शनिवारी शेवटची लढत केयाचीच होती, आणि समोरची मुलगी आजवर एकदाही हरली नव्हती. दत्ताचे देव पाण्यात ठेवून झाले, नवस बोलून झाले. शेवटी त्याने ग्रुपवर लिहिलं, "केया हरणार. पहिल्याच राउंडमध्ये."

आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याचा अंदाज खरा ठरला.

तो धावत ड्रेसिंग रूममध्ये गेला. केया सुजलेल्या डोळ्यावर बर्फ धरून बसली होती. त्याच्याकडे न बघताच ती म्हणाली,


"बाबा, आत जायच्या आधी मी शुभेच्छा वाचायला ग्रुप उघडला होता."