खाली पळणारी अक्षरं

बाळंतपणानंतर नर्स सुनेला कामावर परतायचं होतं, पण सासूबाईंपुढे विषय काढायला तिची जीभ रेटत नव्हती. तिने जागतिक सिनेमाचा एक जाडजूड संदर्भग्रंथ आणला. दर रविवारी सासूबाई डोळे मिटून पान उघडायच्या आणि निघेल त्या देशाचा सिनेमा दोघी बघायच्या. खाली पळणारी अक्षरं सासूबाईंना वाचून होत नसत, म्हणून सून मराठीत सांगायची.

चौथा सिनेमा संपल्यावर सासूबाई म्हणाल्या, "चार देश झाले. सगळीकडे सासू म्हणते, सूनबाई, तू खुशाल कामावर जा, बाळाला मी बघते."

"हो ना," सून टीव्हीकडेच बघत म्हणाली.

"मग कळव हॉस्पिटलला, येते म्हणून. फक्त एक सांग,

आजच्या त्या पाणबुडीत सासू कुठून आली?"